जेवल्यावर एक गोळी

साल १९७९. माघ सरत आलेला. नाशिकच्या एका दवाखान्यात लताबाई रक्त तपासायच्या. काचेवर पसरलेल्या थेंबात शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, त्यांत तांबड्या दाण्यांच्या किती ते लिहायचं. दमेकऱ्याच्या रक्तात त्या वाढतात आणि गोळ्या लागू पडल्या की उतरतात.

पेठकडच्या पुतळाबाईच्या तीन आठवड्यांमागे एकवीस होत्या. आज चोवीस.

"लताबाई, मोजताना डुलकी लागली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीनदा मोजल्या, साहेब."

"मग हिला गोळ्यांचा उपयोग नाही. बंद करू. उगाच तोंड सुजायचं."

लताबाई बाहेर आल्या. पुतळाबाई बाकाची कड धरून, खांदे उचलून श्वास ओढत होती. तेवढ्यात तिचा नवरा मंगळू पाण्याचा तांब्या घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत आला.

"गोळी लय भारी हाय, बाई," तो हसला. "मागच्या खेपेला हा जिना मलाच चढवत नव्हता."

"तुम्हाला? गोळ्या हिच्या होत्या ना?"

"दम तर दोघांना लागतो."

लताबाई पुतळाबाईकडे वळल्या. "तू किती खाल्ल्यास गं?"

"जेवल्यावर घ्यायची सांगितली," ती थांबत थांबत म्हणाली. "आधी हा जेवतो. मी सगळ्यांच्या मागून. उरली तर खाल्ली."

लताबाईंनी मंगळूचं बोट टोचलं. शंभरात एक. औषध लागू पडलं होतं, त्याच्या रक्तात.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि दोघांच्या नावाच्या दोन पुड्या दिल्या. लताबाईंनी पुतळाबाईच्या पुडीतली एक गोळी तिथेच तिच्या तळहातावर ठेवली. ती नुसती बघत राहिली.

"घे की."

"त्याचं जेवण व्हायचं हाय अजून."

मंगळूनं मान खाली घातली. "खा गं," म्हणाला. तेव्हा तिनं गिळली.

पुढच्या तपासणीला तो एकटाच आला. पुतळाबाई शिमग्याच्या आधीच दम्यानं गेली होती. त्यानं तिची पुडी टेबलावर ठेवली. "मी हात नाय लावला, बाई. माझ्या सरल्यावर मला लागतील म्हणून तिनंच ठेवल्या."

लताबाईंनी मोजल्या. एकच कमी होती.

डॉक्टरांची सटाण्याला बदली झाली, तिथूनच ते निवृत्त झाले. मंगळू पुढे बरीच वर्षं द्राक्षांच्या कामाला नाशिकला येत राहिला. दवाखान्यापाशी आला की रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. लताबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. घरात पहिलं ताट त्या सुनेचं वाढायला लावतात, आणि तिचा पहिला घास पोटात जाईपर्यंत कुणाला जेवू देत नाहीत.