पोट बरं, रिपोर्ट वाईट

रिपोर्ट वाईट आला होता आणि देवीदासचं वजन मात्र वाढलं होतं. या दोन गोष्टींचा मेळ कोणालाच बसेना.

क्रोन्स नावाच्या आजारापायी मागच्या वर्षी त्याच्या आतड्याचा एक तुकडा कापून काढावा लागला. त्याआधी कित्येक वर्षं हा माणूस पोलाद प्लांटची क्रेन आणि घरचा संडास या दोनच ठिकाणी जगला. आता तो भाकर पचवत होता आणि स्मृती नगरच्या गल्ल्यांतून स्कूटर दामटत होता. पण कापलं म्हणजे आजार गेला असं नसतं, जोडाच्या जागी तो पुन्हा डोकं काढतो. म्हणून डॉक्टर वसुंधरांनी शौचाची तपासणी सांगितली. आतड्याला सूज असेल तर त्यात कळते. टनावारी लोखंड उचलणारा देवीदास नमुन्याची एवढीशी डबी घेऊन लॅबमध्ये जायला लाजला. शेवटी त्याची मुलगी पायल ऑफिसला जाता जाता देऊन आली.

सूज होती. भरपूर होती.

"मले त काहीच होऊन नाही राहिलं," पद्मनाभपुरातल्या दवाखान्यात देवीदास म्हणाला. "मंग हे आलं कुठून?"

"मलाही तोच प्रश्न पडलाय," डॉक्टर म्हणाल्या. त्या मूळच्या नागपूरच्या, कळलं नाही तर तसं सांगणाऱ्या. "पण कधी कधी त्रासाच्या आधी सूज येते. थांबलो तर पुन्हा कापायची पाळी येईल."

देवीदासची बायको रुक्मा घाबरली. पुन्हा कापलं तर पोटात उरणार किती?

डॉक्टरांनी वाटा समजावल्या. रोजच्या गोळ्या होत्या. जुन्या, भरवशाच्या, पण सावकाश काम करणाऱ्या. शिरेतून द्यायचं नवं औषध होतं; गुण लवकर, पण ते शरीराची राखण ढिली करतं, साधा ताप महागात पडू शकतो. नुसती वाट बघणं ही तिसरी वाट, पण ती त्या आता सुचवत नव्हत्या.

"शिरेतूनच द्या," देवीदास म्हणाला. "एक घाव दोन तुकडे."

"तुकडे आता पुरे," डॉक्टर हसल्या.

पायल हसली नाही. बापाच्या आजाराची खडान्‌खडा माहिती तिला होती आणि प्रश्नही तीच विचारायची. "मॅडम, हे औषध सुरुवातीलाच दिलं असतं तर ऑपरेशन टळलं असतं?"

"कदाचित. आजार लवकर सापडला असता तर."

"आणि हे चालू असताना माणूस नेहमीसारखा राहतो? नोकरी, संसार, सगळं?"

"सगळं. तुझे बाबा निवृत्त होईपर्यंत क्रेन चालवतील."

"पण आज देऊ नका," पायल घाईघाईनं म्हणाली. "आधी दुर्बिणीनं बघा. बरं वाटणाऱ्या माणसाला एवढं जड औषध कशाला?"

डॉक्टरांना ते पटलं. दुर्बिणीची तारीख ठरली, टीबी लपलेला नाही ना याचीही तपासणी सांगितली.

घरी मात्र शोधमोहीम सुरू झाली. रुक्मानं लोणच्याची बरणी उचलून कपाटात बंद केली. शेजारच्या सिंधुताई जयभीम करत आल्या आणि बसल्याबरोबर निकाल देऊन मोकळ्या झाल्या.

"कॅन्टीनमधे काही खात असतीन भाऊ. चोरून."

रुक्मानं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. देवीदास पंख्याकडे बघू लागला.

"खाल्ले का नाही, सांगा."

"मिर्चीभजे," देवीदास पुटपुटला. "कधीमधी."

"घ्या! सापडला चोर," सिंधुताई म्हणाल्या. "अन् ह्या पोट्टीकडे पाहा. बापासाठी तिखट सोडलं तिनं. नुसता मऊ भात खाऊन राहिली. कशी बारीक झाली!"

"साखरपुडा हाय ना तिचा," रुक्मा कौतुकानं म्हणाली. होणाऱ्या जावयाचं, पीयूषचं घर नंदिनी नगरचं, माणसं चांगली होती. तारीख काढायला त्यांचा फोन रोज येत होता. पायल ताट उचलून आत गेली.

भज्यांचा उलगडा सगळ्यांना आवडला. देवीदासनं कानाला हात लावला आणि शब्द खरंच पाळलाही.

दुर्बिणीत जोड स्वच्छ दिसला. टीबीचीही शंका फिटली. पायलनं मोठा श्वास सोडला.

"झालं ना मग, मॅडम? काहीच नको द्यायला."

डॉक्टर मात्र खूश नव्हत्या. "दुर्बीण सगळीकडे पोहोचत नाही. एवढी सूज भज्यांनी येत नाही, कुठेतरी वरच्या आतड्यात ती असणारच. रिपोर्ट इतका वाईट असताना मी यांना मोकळं सोडणार नाही. आज पहिला डोस देऊन टाकू."

"मॅडम, तपासणी पुन्हा करून बघा ना."

"करू. पण तोवर थांबणं मला बरोबर वाटत नाही. ताई, तुम्हाला काय वाटतं?"

"द्या," रुक्मा म्हणाली. "पुन्हा कापायची पाळी नोको."

देवीदासनं पलंगावर आडवं होऊन बाही वर केली. "काहाले घाबरतं बेटा?" तो पायलला म्हणाला. "मले काही होत नाही." नर्सनं दंडाला पट्टा बांधला आणि ती शीर चाचपू लागली. रुक्माचा मोबाइल वाजला. नंदिनी नगरचा फोन होता. तिनं तो बंद केला.

पायलनं नर्सचा हात धरला.

"बाबाले देऊ नका," ती म्हणाली. "त्या दिवशी लॅबमधे डबीत मी माहंच देलं होतं."