नापास झालेला पाठ

"या भिंतीला फळा होता," म्हातारी म्हणाली.

आता त्या भिंतीला प्रयोगशाळेची यंत्रं लागलेली होती. त्यांची घरघर सोडली तर इमारतीत कसलाच आवाज नव्हता. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, पण सगळे फुटबॉलच्या सामन्याला गेले होते. जुनी इमारत बघायला आली ती एकटी अर्डिस हॉवलंड.

इमारत दाखवायला प्रोफेसर लॉरेन टेसडाल थांबले होते. हे काम ते दरवर्षी आपणहून मागून घेत. शनिवारी घरी बोलायला कोणी नसे.

हे विद्यापीठ मुळात शिक्षक घडवणारी शाळा होती. तळमजल्यावर गावातल्या मुलांचे वर्ग भरत आणि शिकाऊ बाया त्यांच्यावर सरावाचे, परीक्षेचे पाठ घेत. नव्या मंडळींना आता हे ठाऊकही नव्हतं.

"मग तुम्ही पुढे कुठे शिकवलंत?" टेसडालांनी विचारलं.

"कुठेच नाही. पाठातच नापास झाले. भावाच्या दुकानात जन्मभर खिळे विकले. खिळ्यांना प्रश्न विचारावे लागत नाहीत, तेवढं बरं."

मग ती सांगू लागली. पहिलीचा वर्ग होता. मागे निरीक्षक बाई बसायच्या. अर्डिस गोष्ट वाचून दाखवी आणि एकेकाला प्रश्न विचारी. पोरं पटापट उत्तरं देत. एक मुलगा मात्र ओठ मिटून बसे. ती त्याच्या शेजारी बाकावर टेके. गोष्ट पुन्हा सांगे, अगदी हळू. कधी तिसऱ्यांदाही. तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत राही. अख्खा हिवाळा गेला, पण त्यानं शब्द काढला नाही.

"निरीक्षक बाई म्हणाल्या, एका पोराला बोलतं करता येत नाही, तू शाळा काय सांभाळणार? मला ते पटलं. ट्रंक भरली आणि घरी गेले." ती भिंतीकडे वळली. "त्या पोराचं पुढे काय झालं कोण जाणे. अजून आठवतो. मंद असेल बिचारा."



"त्या हिवाळ्यात त्याची आई गेली होती," टेसडाल म्हणाले. "बाप वेळेवर जेवायला वाढायचा. पण घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं."

अर्डिसनं वळून पाहिलं. "तुम्हाला काय माहीत?"

टेसडाल तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले,

"मला सगळी उत्तरं येत होती, बाई. पण उत्तर दिलं असतं, तर तुम्ही उठून पुढच्या बाकावर गेला असता."