दोराचं खालचं टोक

हिलालची करवत थांबली तेव्हा फांदी अर्धी कापून झाली होती.

मालतीबाईंच्या परसातला कडुनिंब घरापेक्षा दुप्पट उंच होता. शहरात प्लेग येऊन गेला त्यानंतरच्या पावसाळ्यात, एका वादळात, त्याची सगळ्यात दांडगी फांदी बुडाशी चिरली आणि शेजारच्यांच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरावर झुकली. सोसायटीतले लोक म्हणाले, झाडच पाडून टाका. मालतीबाई शाळेत शिकवायच्या. त्यांना झाड हवं होतं. म्हणून त्यांनी पांडेसऱ्याच्या कामगार वस्तीतून हिलालला बोलावणं धाडलं. चिरलेली फांदी तेवढी उतरवायची, बाकी झाड राखायचं.

असं काम करावं तर हिलालनंच. धुळ्याकडून तो कापडाच्या लूमवर कामाला आला होता, पण खात्याच्या, म्हणजे लूमच्या कारखान्याच्या, भिंतींत त्याचा जीव रमला नाही. तो झाडांवर चढू लागला. कमरेला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून खाली सोडायचा आणि त्याचं खालचं टोक बायकोच्या, सुंदराच्या हातात द्यायचं. वर हिलाल, खाली सुंदरा. लोक माना वर करून हिलालकडे बघत राहायचे.

मग यंदाच्या उन्हाळ्यात सचिन गावाजवळ एका शिरीषावर पायाखालची फांदी मोडली. सुंदरानं दोर धरून ठेवला म्हणून तो जमिनीवर आला नाही, पण खोडावर आपटून बरगड्या मोडल्या. त्यानंतरचं हे पहिलंच झाड.

आणि आता हात चालत नव्हते. घाम डोळ्यांत उतरत होता. खोडाला मिठी मारून, इंचाइंचानं तो खाली आला आणि बुंध्याशी बसून राहिला.

"बाई, माझ्यानं नाही व्हायचं," तो म्हणाला.

"राहू द्या हिलालभाऊ," मालतीबाई म्हणाल्या. "उद्या दुसऱ्या कुणाला तरी बोलावू."

वर फांदी करकरली. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. अर्धी कापलेली फांदी उद्याची वाट बघणार नव्हती. शेजारची माणसं केव्हाच घराबाहेर येऊन ओट्यावर उभी होती. हिलालचा चुलतभाऊ दगा खाली उभा राहून फांदीला बांधलेला जाड दोर ओढून धरून होता, पण एकदम हिसका बसला तर तो एकटा पुरा पडणार नव्हता. आणि दगा अंगानं एवढा भरलेला, की तो वर गेला असता तर चिरलेला जोड त्याच्याच वजनानं उकलला असता.

सुंदरा पुढे झाली. तिनं हिलालच्या कमरेचा दोर सोडला आणि स्वतःच्या कमरेला बांधला. लुगड्याचा काचा मारला. करवत पाठीशी खोचली.

"तुम्ही दोर धरा," ती घरच्या अहिराणीत म्हणाली. "मी जास वर."

हिलाल नाही म्हणणार होता. तोवर तिचा पाय पहिल्या गाठीवर पडला होता.

ती चढली, आणि हिलाल बघतच राहिला. माहेरी शेळ्यांसाठी पाला पाडायला ती झाडावर चढायची, हे त्यानं ऐकलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. तिला घाई नव्हती. एक हात पक्का झाल्याशिवाय दुसरा सुटत नव्हता. खोडाशी बोलत चालल्यासारखी ती वर गेली, पानांत शिरली, पुन्हा दिसली. खालून ती एवढीशी दिसत होती आणि तिच्याभोवती सगळं झाड हलत होतं. मालतीबाईंनी तोंडावर पदर धरला.

करवत चालू झाली. हिलालच्या हातातला दोर थरथरू लागला. तिचा श्वास, तिचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणं, सगळं त्या दोरातून त्याच्या तळव्यांत उतरत होतं. एकदा तिचा पाय घसरला. वीतभरच. त्यानं दोर मनगटाला गुंडाळला आणि बुंध्याला पाय रोवले. शिरीष मोडला तेव्हा सुंदराच्या तळव्यांची सालटं निघाली होती, हे त्याला आत्ता आठवलं. ते हात कधी बरे झाले, हे मात्र काही केल्या आठवेना. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"दगा भाऊ, सोडा आते," वरून आवाज आला. "धीरे धीरे."

फांदी सुटली, दोरावर झुलली, पत्र्यावरून वळली आणि परसात अशी टेकली, की पत्रा वाजलासुद्धा नाही. ओट्यावरची म्हातारी गुजरातीत पुटपुटली, "माताजी छे, माताजी." आणि तिनं झाडाकडे बघून हात जोडले.

सुंदरानं कापलेली जागा करवतीनं साफ केली, दोन वाळक्या काटक्या खाली टाकल्या आणि गेली तशीच सावकाश उतरली. तिच्या केसांत निंबाचा पाला होता. तिनं कमरेची गाठ सोडली. हिलालच्या हातातून दोर काही सुटेना. बोटं आखडली होती. ती एकेक करून तिनं उलगडली.

"तुले भ्याव नही वाटनं?" त्यानं विचारलं.

"वर कशानं भ्याव?" ती म्हणाली. "वर हातमा काम ऱ्हास. भ्याव तं खाले वाटस. मले रोज वाटे."

हिलालनं तिचे तळवे उलटे करून पाहिले. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, झाडावर आपण एकटेच चढतो.