घाईत उरकलेलं शोकगीत

गायिका शेवटच्या ओळीत पुन्हा अडकली. मागचा गायकवृंद खालचा सूर धरून उभाच राहिला आणि वर, जिथे तिचा आवाज एकटा जायचा, तिथे नुसती धाप ऐकू आली. संचालिकेनं हात खाली घेतला. सगळे थांबले.

"सॉरी ताई," गायिका म्हणाली. तिचा एक हात पोटावर होता. सातवा महिना चालू होता. "बाळ फासळीत पाय रोवून बसलंय. दम खाली उतरूच देत नाही."

मागे कुणीतरी फिस्कन हसलं. संचालिका हसली नाही. रेकॉर्डिंगसाठी हॉल संध्याकाळपर्यंतच मिळालेला होता, आणि हे शोकगीत तिला मनासारखं व्हायला हवं होतं. खरं सांगायचं तर या एका गाण्यासाठीच ती वृंदगानाच्या धंद्यात पडली होती.

याच शोकगीताची एक जुनी रेकॉर्ड होती. ती तिच्या वडिलांनी केलेली. त्यात एकटीनं गायची जागा तिच्या आईनं गायली होती. रचनाकारानं संथ म्हणून लिहिलेलं गाणं वडिलांनी चांगलं चालतं केलं होतं आणि पट्टीही एका सुरानं खाली आणली होती. जाणकारांनी त्यांना धारेवर धरलं. लय चुकली, पट्टी चुकली, भाव तर सापडलाच नाही, असं छापून आलं. "ही माणसं मयताला निघालीत की गाडी गाठायला?" असं एकानं विचारलं, आणि तो विनोद वडिलांना जन्मभर चिकटला. त्या रेकॉर्डनंतर काही महिन्यांतच आई गेली. संचालिका तेव्हा लहान होती, दुसरीत. आजार अचानक बळावला, एवढंच तिला सांगण्यात आलं.

पुढे ती स्वतः गाणं शिकली, चांगलं-वाईट कळायला लागलं, आणि एकदा ती वडिलांना तोंडावर म्हणाली, "आईचा आवाज माझ्याकडे एवढाच उरलाय, बाबा. आणि तोही तुम्ही घाईघाईत उरकून टाकलात." वडील बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्यानंतर बापलेकीत जेवणखाण, औषधपाणी, सगळ्यावर बोलणं व्हायचं. गाण्यावर मात्र नाही.

आज तिनं त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तेच गाणं, मूळ लयीत, मूळ पट्टीत. ऐकू देत एकदा, असं तिच्या मनात होतं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी वडील कोटाची सगळी बटणं लावून बसले होते.

"तू बस जरा," ती गायिकेला म्हणाली. "ही जागा दुसरी कुणीतरी गाईल."

गायिकेचा चेहरा पडला. "ताई, अजून एकदाच. बाळ झाल्यावर परत कधी उभी राहीन, राहीन की नाही, कुणाला ठाऊक? माझा आवाज यात राहू द्या ना."

संचालिका क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पियानोवर एक सूर खालची पट्टी वाजवली. "सगळे इथून घ्या," ती म्हणाली. वृंदात चुळबुळ झाली. वर चढायला दम जास्त लागतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गाणं सुरू झालं. संचालिकेचं लक्ष आता ना कागदावर होतं, ना वृंदावर. ती फक्त गायिकेचे खांदे बघत होती. खांदे वर उचलले जायला लागले तशी तिनं लय किंचित चढवली. मग आणखी थोडी. शेवटची ओळ आली तेव्हा तिचा हात जवळजवळ पळत होता, आणि त्या हाताबरोबर गायिका कशीबशी, पण एका दमात, पैलतीराला लागली. वृंदानं टाळ्या वाजवल्या. गायिका रडत रडत खुर्चीत बसली.

ध्वनिमुद्रण ऐकायला संचालिका काचेपलीकडे गेली. पहिल्या कडव्यात ती सुरांतले दोष शोधत होती. दुसऱ्या कडव्यात ती शोधायची थांबली. ही लय तिला तोंडपाठ होती. ही पट्टीसुद्धा. तिनं वडिलांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते आणि मांडीवर त्यांचं बोट बिनचूक ठेका धरत होतं.

गाणं संपलं. रेकॉर्डिस्टनं काय ते ओळखलं आणि पाणी प्यायच्या निमित्तानं तो बाहेर गेला.

"बाबा," ती म्हणाली, "आईला दम पुरत नव्हता?"

वडिलांनी डोळे उघडले. "छातीचं दुखणं होतं. रेकॉर्डिंगच्या आधीच डॉक्टरांनी हात टेकले होते. पण ती हट्टाला पेटली. गाईन तर हेच, म्हणाली. आणि कुणाला कळता कामा नये, तुलासुद्धा नाही. लोक गाणं सोडून धाप ऐकत बसतील, म्हणाली."

"निदान मी बोलले तेव्हा तरी सांगायचंत! काय काय बोलले मी तुम्हाला..."

"तू बोललीस ना, त्या दिवशी मी निर्धास्त झालो," वडील म्हणाले. "ती रेकॉर्ड तुझ्याइतकी कुणीच ऐकली नाही. आणि तुलासुद्धा माझी घाईच ऐकू आली. तिची धाप नाही."