हॅलो, रेंज गेली!

"नेटवर्क मेलं तरी आपल्या गाडीतला कॉल तुटणार नाही. थेट उपग्रह धरेल!" निमकर साहेब सकाळपासून पाचव्यांदा ऐकवत होते. चाचणीची गाडी चालवणाऱ्या हणमंताने मान डोलावली. यंत्र ऑफिसातल्या पोरींनी वर्षभर खपून केलं होतं. साहेबांनी फक्त नारळ फोडला होता.

घाट लागला आणि गाडीच्या स्पीकरवर साहेबांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, दोन वर्षं मीच करतेय आईचं. आता महिनाभर तरी तिला तुझ्याकडे घेऊन जा."

साहेबांनी हातातला मोबाइल पाहिला. रेंजची एकही दांडी नव्हती. चेहरा खुलला. "हॅलो? हॅलो? मंजू, घाटात आहे गं, रेंज गेली!"

मग सीटवर रेलून ते हणमंताला म्हणाले, "सुटलो! दर वेळी घाटच वाचवतो बघ. त्या म्हातारीचं खोकणं कोण ऐकणार घरात?"

हणमंताची नजर समोरच्या पडद्यावर गेली. कॉल चालू असल्याचा हिरवा दिवा क्षणभरही विझला नव्हता. ज्याचे सकाळपासून गोडवे गायले तेच विसरणारा असला दीडशहाणा त्याने जन्मात पाहिला नव्हता. पण सांगायची त्याला मुळीच इच्छा झाली नाही.

स्पीकरमधून आधी खोकला आला, मग थकलेला, शांत आवाज.

"गाडी छान केलीस हो, बाळा. एक शब्दही तुटला नाही."