अरुंधती दिसली?

लग्न लागलं तशी टेंबेगुरुजींनी वसाहतीच्या घुमटाची, फक्त लग्नात उघडायची ती खिडकी उघडली आणि नवरीला विचारलं, “अरुंधती दिसली?”

“दिसली” म्हणून मोकळं व्हायचं, हे इंदुमतीनं लेकीला पढवून ठेवलं होतं.

पण मृण्मयी म्हणाली, “नाही गुरुजी. इथं एकही तारा नाही.”

इंदुमती चिडून खिडकीशी गेली. बाहेर नुसता काळोख होता.

“आपला सूर्य दीर्घिकेतून कधीच बाहेर फेकला गेलाय,” गुरुजी मान खाली घालून म्हणाले. “वडिलांनी मला बजावलं होतं, नवरी ‘दिसली’ म्हणते तोवर गप्प राहा.”

“आई, तुला तर दिसली होती ना?”

इंदुमतीला आठवलं. तेव्हा तिनं वर बघितलंच नव्हतं.