दहा वाजून दहा मिनिटांचा रिफंड

"अजून तेच! म्हणे 'रिफंड प्रक्रियेत आहे'!" घड्याळकाकांनी मोबाईल टेबलावर आपटला. उघडून ठेवलेल्या घड्याळातला एक स्क्रू टुणकन उडाला आणि कुठेतरी घरंगळला. आता बसा शोधत.

चाळीस वर्षं ते घरातल्या या टेबलावर जगाची घड्याळं दुरुस्त करत होते, पण असा ढिम्म कारभार त्यांनी पाहिला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी लेकीने त्यांचा आयकराचा फॉर्म भरून दिला आणि रिफंड कुठवर आलाय ते दाखवणारं पान मोबाईलवर पाठवलं. तेव्हापासून सकाळचा चहा झाला की काका ते उघडत. रोज तेच वाक्य. वरच्या कोपऱ्यातली वेळसुद्धा रोज तीच, दहा वाजून दहा. "यांचं घड्याळही बंद! आणा म्हणावं माझ्याकडे, फुकट करून देतो."

रिफंड आला की काकूंसाठी कानाचं यंत्र घ्यायचं होतं. वर्षभर काकूंना धड ऐकू येत नव्हतं. घसा फोडून ओरडावं लागे, म्हणून दोघांचं बोलणं 'जेवायला चला' आणि 'दिवा बंद कर' एवढ्यावर आलं होतं. काकांना ते फार लागे. मग मागे भाजी निवडत बसलेल्या बायकोशी ते काम करता करता हळू आवाजातच बोलत. जे मनात येईल ते. तिला थोडंच ऐकू जाणार होतं?

"कालची भाजी खारट झाली होती हं," भिंग डोळ्याला लावत ते पुटपुटले. "आणि तुझा भाऊ म्हणजे एक नंबरचा कंजूष. लग्नात त्यानं दिलेलं ते घड्याळ हरवलं नव्हतं, मी विकलं होतं." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "पण खरं सांगू? तू पहिल्यासारखं 'अहो' म्हणून भांडत नाहीस ना, तर घर नुसतं खायला उठतं बघ. ये रे बाबा रिफंडा, एकदाचा ये!"

"अहो."

काकांच्या डोळ्यावरचं भिंग गळून पडलं.

"चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करताय, आणि फोटोतलं घड्याळ ओळखू येत नाही?" काकू म्हणाल्या. "लेकीने त्या पानाचा फोटो पाठवला होता. रोज तोच उघडून बसता. रिफंड बँकेत येऊन तीन आठवडे झाले. खातं दोघांचं, मेसेज माझ्या मोबाईलवर आला." त्यांनी केस मागे सारले. कानात इवलंसं यंत्र होतं.

काकांची बोबडी वळली. "ती... तीन आठवडे? मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. पण इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हता हो." काकूंनी डोळे पुसले आणि भाजीचं ताट बाजूला ठेवलं. "हं, बोला पुढे. माझ्या भावाचं घड्याळ कितीला विकलंत?"